डाव्या कानाचं प्रकरण

व्हायवाला एकोणीस दिवस उरले होते आणि तिचं सगळं कसं मार्गी लागलं होतं. प्रबंध सादर होऊन आठ महिने उलटले होते, दोन्ही परीक्षकांचे अहवाल चांगले आले होते, तारीख पक्की झाली होती. त्या दिवशी काय नेसायचं यावरून घरात दोनदा वादावादीसुद्धा होऊन गेली होती. आता फक्त उभं राहून बोलायचं होतं.

ती इस्पितळात कान तपासायची. वीस वर्षं तेच काम. सहा वर्षांपूर्वी एका महिन्यात एकाच कापड कारखान्यातून अकरा जण तिच्याकडे आले. सगळ्यांची तक्रार एकच, बायको बोलते ते कळत नाही. त्यातल्या दोघांच्या बायका बरोबर होत्या आणि ‘हे मुद्दामच ऐकत नाहीत’ असं त्यांचं ठाम मत होतं. तिने तपासलं तर ऐकू खरंच येत नव्हतं. तिथून तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मागांच्या खडखडाटात माणसाचा कान नेमका किती वर्षांत जातो, हे कोणी नीट मोजलंय का? कोणी मोजलं नव्हतं. मग नोकरी, घर आणि पोरीची दहावी सांभाळत अडतिसाव्या वर्षी तिने पीएचडीला नाव घातलं आणि त्या कारखान्यातल्या दोनशे बारा कामगारांचे कान तपासले. कारखान्यात तिला सगळे ‘कानवाल्या बाई’ म्हणत.

तपासणी म्हटली तर साधी. कानावर हेडफोन, हातात बटण. बारीक ‘टूं’ असा आवाज आला की बटण दाबायचं. आवाज कमी कमी करत न्यायचा आणि माणसाला ऐकू आलेला सगळ्यात बारीक आवाज कागदावर मांडायचा. आधी उजवा कान, मग डावा.

त्या प्रबंधातलं पाचवं प्रकरण तिचं सगळ्यात लाडकं. मागावर काम करणाऱ्यांचा डावा कान उजव्यापेक्षा जास्त बिघडतो, असं तिला आकड्यांत दिसलं होतं. कारण तिनेच शोधलं होतं: माणूस मागाशी उभा राहतो तेव्हा आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याचा ठोका त्याच्या डाव्या अंगाला बसतो. तिच्या मार्गदर्शक सरांनी हे एका मोठ्या परिषदेत सांगितलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर ती भाषणाचे तक्ते करत बसली होती. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा, त्यामुळे रंगांच्या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा.

‘‘हे फार रटाळ दिसतंय,’’ तो तिच्या खांद्यावरून डोकावून म्हणाला. ‘‘वयानुसार मांडलंयस, अनुभवानुसार मांडलंयस. एकदा तारखेनुसार मांड की. तीन वर्षं हेलपाटे घातलेस, तेवढे तरी दिसू देत लोकांना.’’

म्हणून तिने सगळे ठिपके तारखेनुसार मांडले. उजवा कान निळा, डावा लाल.

दोन वर्षं लाल आणि निळे ठिपके गळ्यात गळे घालून चालले होते. मग एका मार्चमध्ये लाल ठिपके एकदम खाली घसरले होते, मे महिन्याच्या अखेरीपर्यंत खालीच राहिले होते आणि जूनमध्ये पुन्हा निळ्यांना येऊन मिळाले होते. तीन महिने. एक्केचाळीस कामगार. तीन महिन्यांपुरताच सगळ्यांचा डावा कान बिघडतो, असा रोग तिने कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता.

‘‘सुंदर दिसतंय की,’’ नवरा म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून खुर्ची ओढून शेजारी बसला.

तिला मार्च आठवला. त्या मार्चमध्ये तिच्या हेडफोनची वायर तुटली होती. नवा येईपर्यंत तिने विभागाच्या कपाटातला जुना जोड नेला होता. यंत्राची वार्षिक तपासणी झालेली होती, पण ती आधीच्या हेडफोनसकट. कपाटातला जोड तिने कुणाकडून तपासून घेतला नव्हता. घाई होती, कामगार रांगेत उभे होते, आणि कानावर घालून पाहिला तर आवाज येत होता. तिने तेवढ्यावरच भागवलं होतं.

सोमवारी सकाळी तिने तो जोड कपाटातून शोधून काढला आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाच्या पुढ्यात ठेवला. त्याने मोजणी लावली, दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं.

‘‘उजवी बाजू ठणठणीत,’’ तो म्हणाला. ‘‘डावी मात्र वरच्या पट्टीत बारा डेसिबल कमी आवाज देतेय. याच्यावर कोणाचे कान तपासले नाहीत ना?’’

‘‘एक्केचाळीस जणांचे,’’ ती म्हणाली.

त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

सर त्यांच्या खोलीत कुणाच्या तरी प्रबंधात लाल रेघा ओढत होते. तिने तक्ता पुढे केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते वाईट माणूस नव्हते. सहा वर्षांत त्यांनी तिचा एकही मसुदा आठवड्यापेक्षा जास्त अडवून ठेवला नव्हता.

‘‘दार लाव,’’ ते म्हणाले. तिने दार लावलं. ‘‘हे बघ. अहवाल आलेत. दोघांनीही पसंती दिलीय. दोघांपैकी एकालाही हे दिसलेलं नाही. आता थोडा कानाडोळा केलास तर आभाळ कोसळणार नाही. पदवी घे, मग एक शुद्धिपत्र छापू आपण. माझं नावही घालू त्यात.’’

‘‘आणि व्हायवात पाचव्या प्रकरणाबद्दल विचारलं तर?’’

‘‘विचारलं तर तेवढ्यापुरतं बोल.’’

‘‘सर, जे खोटं आहे हे मला माहीत आहे, ते मी तोंडाने खरं म्हणून कसं सांगू?’’

सर उठून खिडकीशी गेले. त्या परिषदेतल्या टाळ्या त्यांनाही आठवत असणार. ‘‘तारीख पुढे ढकलायची म्हटली तर बाहेरचे परीक्षक पुन्हा वर्षभर मिळायचे नाहीत,’’ ते म्हणाले. ‘‘आणि प्रबंध परत पाठवला तर तुझी मुदतच संपते. सहा वर्षं पाण्यात जातील. एवढा विचार केलायस?’’

तो तिने केला नव्हता. पण तोंडून निघालं ते वेगळंच. ‘‘तारीख तीच राहू दे. माझ्याकडे अठरा दिवस आहेत.’’

घरी सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. लग्नाआधीपासून निवृत्तीपर्यंत त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काम केलं होतं आणि आवाजाच्या बाबतीत त्यांचं ऐकावंच लागे. सुनेच्या भाषणाची तालीम त्याच घेत होत्या. ‘शेवटचा शब्द गिळतेस’ हे त्यांचं पालुपद होतं. तिने त्यांना सगळं सांगितलं. म्हणजे खरं तर ती स्वतःशीच बोलत होती, त्या समोर होत्या इतकंच.

‘‘आमच्याकडे घाईत चुकीच्या नंबरला लाइन जोडली जायची कधीकधी,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘दोन्हीकडची माणसं बोलायलाही लागायची. अशा वेळी आपण मध्ये शिरायचं आणि सांगायचं, माफ करा, माझी चूक झाली, पुन्हा जोडते. शिव्या खाव्या लागायच्या.’’

‘‘आणि नाही सांगितलं तर?’’

‘‘नाही सांगितलं तर काही नाही. पण मग आपण कशाला बसलोय तिथे?’’ त्यांनी देठं गोळा केली. ‘‘जेवून घे आधी. रडायचं असेल तर जेवल्यावर रड.’’

ती जेवली. रडायला मात्र वेळ झाला नाही, कारण जेवतानाच तिने हिशेब मांडायला घेतला होता. खडखडाटातून बाहेर आल्यावर कान काही तास सुन्न असतात, म्हणून तपासणी पाळी सुरू व्हायच्या आधीच करावी लागते. पाळी सकाळी सातला. सहापासून बसलं तर रोज तिघं. इस्पितळातली ड्युटी नऊला. जमत होतं.

कारखान्याचा मुकादम जुना ओळखीचा. त्याने एक्केचाळीस नावांची यादी घेऊन बोट फिरवलं. ‘‘हा वारला, बाई. गेल्या वर्षी, छातीच्या दुखण्याने. हे तिघं काम सोडून दुसऱ्या गावी गेले. हे चौघं कुठे आहेत ते मलाही सांगता यायचं नाही. बाकीचे तेहेतीस आणून उभे करतो. पण त्यांना काय सांगू?’’

‘‘माझी चूक झाली म्हणून सांगा. तपासणी पुन्हा करायचीय.’’

मुकादमाने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. ‘‘असं सांगतात होय कोणी?’’ तो म्हणाला, पण यादी खिशात घातली.

तपासणीची खोली म्हणजे तयार कापडाचं गोदाम. छतापर्यंत रचलेले कापडाचे गठ्ठे, मध्ये जेमतेम दोन खुर्च्यांची जागा. गठ्ठ्यांमुळे बाहेरचा आवाज आत येत नसे, स्वतःचा श्वाससुद्धा मोठा वाटे. ती पहाटे उठून यंत्र घेऊन जायची. या वेळी रोज सकाळी हेडफोन तंत्रज्ञाने दिलेल्या, आवाज मोजायच्या डबीवर लावून पाहायची, आकडा वहीत लिहायची आणि मगच पहिल्या माणसाला हाक मारायची. येणारे डोळे चोळत येत. कोणी थट्टा करी, ‘‘बाई, नापास झालो होतो का मी?’’ ती म्हणे, ‘‘तुम्ही नाही, मी.’’

चौथ्या सकाळी पन्नाशीचा एक माणूस आला. उंच, हाताची बोटं लांबसडक. हेडफोन घालायच्या आधीच त्याने विचारलं, ‘‘चूक म्हणजे नेमकी काय झाली?’’

तिने समजावून सांगितलं. डाव्या बाजूला आवाज कमी जात होता, म्हणून डावा कान जास्त गेलाय असं दिसलं.

‘‘म्हणजे माझा डावा कान गेलेला नव्हता?’’

‘‘उजव्याइतकाच गेला असेल, दादा. पण मी लिहिलं होतं तेवढा नाही.’’

तो खुर्चीत ताठ झाला. ‘‘बाई, मी सव्वीस वर्षं मागावर होतो. तुमचा कागद आला आणि मॅनेजर म्हणाला, याचा कान फार खराब आहे, याला पॅकिंगला टाका. दोन वर्षं मी खोके बांधतोय. ह्या हातांनी खोके! मी मागावर हात ठेवला तरी मला कळायचं कुठला धागा तुटणार ते. तुम्ही एकदा तपासून बघायचं होतं की!’’

‘‘बघायला हवं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘नाही बघितलं.’’

तिला आणखी पुष्कळ सांगता आलं असतं. की पॅकिंगला शांतता आहे, की तिथे कान उलट वाचला असेल. ते खरंही होतं. पण ते या क्षणी तिने सांगायचं नव्हतं, एवढं तिला समजलं. तो उठला आणि गठ्ठ्यांमधून बाहेर निघून गेला. तिने पुढच्या माणसाला हाक मारली.

दोन दिवसांनी तो परत आला. खुर्चीत बसला, हेडफोन स्वतःच घातला आणि बटण घेतलं. वीस मिनिटं गोदामात फक्त बटणाची टिकटिक होती. दोन्ही कान जवळजवळ सारखे निघाले. तिने त्याच्यादेखत मॅनेजरला पत्र लिहिलं, चूक आपली असल्याचं त्यात स्पष्ट म्हटलं आणि त्याला वाचायला दिलं. त्याने ते सावकाश, ओठ हलवत वाचलं.

‘‘मागावर परत घेतलंच तर कानावर संरक्षक घालायचे,’’ ती म्हणाली. ‘‘दोन्ही कान निम्मे शिल्लक आहेत. ते तेवढे तरी राखा.’’

‘‘ते मी बघेन माझं,’’ तो म्हणाला. पण दाराशी वळून पुढे म्हणाला, ‘‘ते घालायचे कसे ते दाखवा एकदा. इथे सगळे कपाळावर घालून हिंडतात.’’

व्हायवाच्या पाच दिवस आधी मुकादमाचा फोन आला, की त्या माणसाला मागावर परत घेतलंय. त्याच दिवशी तेहेतिसावी तपासणी संपली. मग तिने तीन दिवसांची रजा टाकली आणि आकडे पिळून काढले. पाचवं प्रकरण पार कोसळलं होतं, त्यात वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुख्य निष्कर्ष टिकला होता, पण ओरखडे घेऊनच. ‘तीन वर्षांत ऐकू येणं कमी होऊ लागतं’ असं ती छातीठोकपणे लिहून बसली होती, ते आता ‘तीन ते पाच वर्षांत’ असं म्हणावं लागणार होतं. तिने सगळे तक्ते नव्याने केले. भाषणाची सुरुवात चारदा लिहून चारदा फाडली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, ‘‘चुकीपासूनच सुरू कर. मनावरचं ओझं उतरलं की पुढचे शब्द गिळणार नाहीस.’’

सभागृह लहानसंच होतं. समोर लांब टेबलामागे बाहेरचे परीक्षक, शेजारी विभागप्रमुख बाई, कडेला सर. मागे पंधरा-वीस विद्यार्थी, नवरा, सासूबाई आणि कॉलेज बुडवून आलेली मुलगी. बाहेरचे परीक्षक किडकिडीत, पिकल्या केसांचे आणि न हसण्याबद्दल प्रसिद्ध. त्यांच्यासमोर प्रबंधाची प्रत होती आणि तिच्यातून पिवळ्या चिठ्ठ्यांचं जंगल बाहेर आलं होतं.

ती उभी राहिली. तिने दोन्ही हात टेबलावर टेकवले.

‘‘माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण चुकीचं आहे,’’ ती म्हणाली. ‘‘ते कसं चुकलं, हे मला कसं कळलं आणि त्यानंतर बाकीच्यातलं काय शिल्लक राहतं, हे मी आज सांगणार आहे.’’

मागे कोणाची तरी खुर्ची करकरली. विभागप्रमुख बाईंनी सरांकडे पाहिलं. सर कागदावर काहीतरी लिहीत होते, किंवा लिहिल्यासारखं करत होते. तिने लाल-निळ्या ठिपक्यांचा तक्ता पडद्यावर लावला आणि बोलायला लागली. पहिली दोन मिनिटं स्वतःचाच आवाज परका वाटला. मग हेडफोन आला, गोदाम आलं, तेहेतीस माणसं आली आणि तिला समोरचं टेबल दिसेनासं झालं.

भाषण संपल्यावर परीक्षकांनी एकही चिठ्ठी न उलगडता पहिला प्रश्न टाकला. ‘‘दोन वर्षांनी केलेली तपासणी त्या वेळच्या तपासणीची जागा कशी घेऊ शकते? मधल्या काळात कान बदलले नसतील?’’

‘‘घेऊ शकत नाही,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणून मी नवे आकडे जुन्यांच्या जागी घातलेले नाहीत. पुन्हा तपासलं ते फक्त चूक कुठली हे ठरवायला. ज्याचा त्याचा उजवा कान मी मापाला धरला. उजवे कान दोन वर्षांत सरासरी दोन डेसिबलने खालावलेत, म्हणजे व्हायला हवं तसंच. डावे कान मात्र दहा डेसिबलने सुधारलेले दिसतात. गेलेला कान असा परत येत नाही. म्हणजे तो मुळात तेवढा गेलाच नव्हता.’’

‘‘मग मुख्य निष्कर्षाचं काय?’’

‘‘ते एक्केचाळीस जण पूर्ण वगळले. उरलेल्या एकशे एकाहत्तरांवर सगळं नव्याने मांडलं. निष्कर्ष टिकतो, पण सैल होतो. तीनऐवजी तीन ते पाच वर्षं.’’

‘‘धोट्याच्या ठोक्याचं तुमचं स्पष्टीकरण तर फार पटण्यासारखं होतं.’’

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘मलाही पटलं होतं. म्हणूनच मी आकडे पुन्हा पाहिले नाहीत.’’

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. यानंतर तासभर त्यांनी तिला अक्षरशः सोलून काढलं. संरक्षक वापरणारे आणि न वापरणारे वेगळे का नाही मांडले? घरी मोठ्याने रेडिओ ऐकणाऱ्यांचं काय केलं? काहींची उत्तरं तिच्याकडे होती. रेडिओचं नव्हतं. ‘‘ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं,’’ असं तिने सांगून टाकलं, आणि हे म्हणताना आपली जीभ अजिबात अडखळली नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

शेवटचा प्रश्न त्यांनी प्रत मिटून विचारला. ‘‘ज्यांना तुम्ही चुकीचा कागद दिला होता, त्यांना कळवलंत?’’

‘‘तेहेतीस जणांना हातात नवा कागद दिला. तिघं दुसऱ्या गावी आहेत, त्यांच्याशी फोनवर बोलले. चौघांचा पत्ता लागलेला नाही, शोध चालू आहे. एक जण वारला. त्याच्या घरी जाऊन आले.’’

‘‘त्याच्या घरी? कशासाठी?’’

‘‘त्याच्या बायकोला वाटत होतं, तो डाव्या बाजूने बोललेलं मुद्दाम टाळायचा. मी लिहून दिलं होतं ना, डाव्याने येतच नाही म्हणून. त्याने तो कागद दाखवून दाखवून तिला गप्प केलं होतं. खरं ते तिला सांगितलं. हसली, मग रडली. मला चहा पाजला.’’

उमेदवाराला बाहेर थांबायला सांगतात, तसं तिलाही सांगितलं. पॅसेजमध्ये एक बाक होता, पण तिला बसवेना. नवरा पाण्याची बाटली उघडून पुन्हा बंद करत होता. मुलगी म्हणाली, ‘‘आई, तो रेडिओचा प्रश्न अन्याय होता.’’

‘‘नव्हता गं,’’ ती म्हणाली. ‘‘चांगला होता.’’

दार बंदच होतं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. एरवी हे काम पाच मिनिटांत उरकतं, हे तिला ठाऊक होतं. आतून सरांचा चढलेला आवाज एकदा ऐकू आला. शब्द कळले नाहीत. सासूबाई मात्र दाराच्या बाजूला तोंड करून स्वस्थ बसल्या होत्या. ‘‘तुझे सर भांडतायत,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुझ्या बाजूने.’’ चाळीस वर्षं लोकांचं बोलणं ऐकलेला कान तो. तिने विश्वास ठेवला.

बत्तिसाव्या मिनिटाला विभागप्रमुख बाईंनी दार उघडलं. आत सगळे उभे होते. परीक्षकांनी निर्णय वाचून दाखवला. प्रबंध पदवीस पात्र ठरवण्यात येत आहे; मात्र उमेदवाराने पाचवं प्रकरण काढून टाकावं, त्या जागी चुकीचा शोध, फेरतपासणी आणि सुधारित निष्कर्ष यांवर नवं प्रकरण तीन महिन्यांत लिहून द्यावं आणि ते परीक्षकाने स्वतः वाचून मान्य करावं.

‘‘सोपं लिहू नका,’’ ते तिला म्हणाले. हसले नाहीतच. ‘‘कपाटातला हेडफोन उचलताना तुमच्या मनात काय होतं, तेही लिहा. ते कोणी लिहीत नाही.’’

सर सगळ्यात शेवटी बाहेर आले. ‘‘परिषदेला मी आजच पत्र पाठवतो,’’ ते म्हणाले. ‘‘टाळ्या परत करायला हव्यात.’’ आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तिला हात जोडून नमस्कार केला. तिला इतकं अवघडल्यासारखं झालं, की तिने उलट वाकून त्यांच्या हातातली फाइलच घेतली.

घरी जाताना मुलीने विचारलं, ‘‘मग आता तुला डॉक्टर म्हणायचं की तीन महिन्यांनी?’’

‘‘तीन महिन्यांनी,’’ ती म्हणाली.

‘‘आणि तोवर?’’

‘‘तोवर आई म्हण, चालेल.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्युटीवरून आल्यावर तिने जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडला. पाचव्या प्रकरणाची बासष्ट पानं एकदम निवडली आणि पुसून टाकली. मग पदर खोचला, खुर्ची पुढे ओढली आणि लिहायला घेतलं: ‘त्या दिवशी मला घाई होती.’